ब्रेक दाबला की डावा विझतो

ट्रेलरचे दिवे नीट लागत नाहीत हे कळल्यावर कप्तानांनी चेहरा असा काही पाडला की बघणाऱ्याला कीव यावी. मनात मात्र त्यांच्या उकळ्या फुटत होत्या.

कप्तान हे काही त्यांचं नाव नव्हे. तलावाच्या या काठावरून त्या काठावर माणसं, सायकली, कोंबड्या आणि एकदा एक आख्खं लोखंडी कपाट नेणारी लाँच त्यांनी उमेदीची सगळी वर्षं चालवली, म्हणून लोकांनी दिलेली ती पदवी. पुढे पूल झाला, लाँच भंगारात गेली, पदवी तेवढी चिकटून राहिली. आता त्यांच्याकडे स्वतःची एक छोटी मोटरबोट होती, काठावरचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि या दोन्हींसकट त्यांना उचलून न्यायला थोरली लेक सकाळीच येऊन अंगणात उभी होती.

झालं होतं असं. मागच्या महिन्यात कप्तान एकटेच बोट घेऊन गेले आणि मध्यावर त्यांना घेरी आली. शेजारच्या जाळेवाल्याला बोट लव्हाळ्यात अडकलेली दिसली आणि बोटीत कप्तान आडवे. त्याने त्यांना घरी आणलं, तोंडावर पाणी मारलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे थोरलीला फोन केला. तेव्हापासून कप्तान जाळेवाल्याशी बोलायचे बंद झाले होते. जीव वाचवला त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. फोन कशाला करायचा?

थोरली लिफ्ट दुरुस्त करते. एकदा एखादी गोष्ट मनात घेतली की ती सोडत नाही, हा गुण तिने कुणाकडून उचलला ते सांगायला नको. "तुम्ही माझ्याकडे राहायला यायचं," ती म्हणाली. कप्तानांनी बराच विचार करून एक अट टाकली, "बोटीशिवाय मी कुठंही येणार नाही." त्यांना वाटलं, विषय संपला. एवढी बोट घेऊन कोण जातंय डोंगरापलीकडे! तर आज ही पोर कुणाचीतरी मागे हुक असलेली जीप मागून घेऊन दारात हजर. शिवाय तिच्या घरामागे बोट ठेवायला पत्र्याची शेडही बांधून तयार. कप्तानांची स्वतःचीच अट त्यांच्या गळ्यात आली होती. त्यांची बॅग भरून जीपमध्ये मागच्या सीटवर ठेवलेली होती, आणि ती त्यांनी भरलेली नव्हती.

अशा वेळी दिवे बिघडले. गावाबाहेर चढ सुरू होतो तिथे नाका आहे. वर धुकं असतं, त्यामुळे ज्या ट्रेलरचे मागचे दिवे लागत नाहीत तो नाकेवाले सरळ परत पाठवतात, ओळख असो नसो. थोरलीची रजा आज संपत होती. आज जमलं नाही तर पुढची रजा केव्हा मिळेल देव जाणे, आणि तोवर तिचा जोर ओसरेल, कप्तानांची तब्येत सुधारेल, सगळं कसं पुन्हा होतं तसं होईल. म्हणजे आता सगळं त्या दोन लाल दिव्यांवर येऊन ठेपलं होतं.

दिवे तपासायला दोन माणसं लागतात. एक पुढे बसून बटणं आणि ब्रेक दाबतं, दुसरं मागे उभं राहून ओरडून सांगतं. कप्तानांची बायको होती तोवर पुढे ती बसायची. आज पुढे थोरली बसली.

"मागचे लावले. बघा!"

"लागले!" कप्तान ओरडले.

"ब्रेक दाबते."

ब्रेक दाबला तसा उजवा दिवा जरासा उजळला आणि डावा चक्क विझला.

"डावा गेला!"

"गेला म्हणजे? आता तर होता."

"ब्रेक दाबलास की विझतो. सोड... आला बघ परत."

मग तिने उजवा इंडिकेटर लावला, तर मागचे सगळेच दिवे मिणमिणत उघडझाप करायला लागले.

कप्तानांना तिथल्या तिथे दोष कळला. त्यात फार अक्कल लागत नाही. दिव्याला वीज वायरने येते, पण आली तशी तिला परतही जावं लागतं. ट्रेलरमध्ये ती परत जाते लोखंडी सांगाड्यातून, आणि सांगाड्याच्या पुढच्या टोकाला एक पांढरी वायर बोल्टने आवळलेली असते, तिच्यातून गाडीत. यालाच अर्थिंग म्हणायचं. ही परतीची वाट बंद झाली की वीज सैरभैर होते, या दिव्यातून त्या दिव्यात शिरायला बघते, आणि एक लावला की दुसरा विझतो. वाट कुठे बंद झाली होती तेही कप्तानांना ठाऊक होतं, कारण ती त्यांनीच बंद केली होती. डॉक्टरांनी पाण्यात जायला मनाई केल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून त्यांनी ट्रेलरला निळा रंग काढला. चांगले दोन हात दिले. काम नीट व्हावं म्हणून तो बोल्टसुद्धा काढला, त्याखाली रंग मारला, वाळू दिला आणि पांढऱ्या वायरचा डोळा वरून पुन्हा आवळला. आता त्या डोळ्याच्या आणि लोखंडाच्या मध्ये रंगाचा जाड थर होता. मुद्दाम केलं नव्हतं, अगदी शपथेवर. पण आयतं झालंच होतं तर ते सांगत कशाला सुटायचं?

"बल्ब गेले असतील," ते म्हणाले.

"सगळे एकदम?"

"माणसं नाही का जात?"

थोरलीने त्यांच्याकडे बघितलं आणि दिव्याची लाल काच उघडायला बसली.

मग सुरू झाली कप्तानांची घालमेल. एक तर त्यांना स्वस्थ बसता येईना. पायरीवर टेकले की उठावंसं वाटे, उठले की ट्रेलरकडे जावंसं वाटे, आणि ट्रेलरकडे गेले की नजर त्या बोल्टवर जाई. तिने पान्हा मागितला तर त्यांनी पक्कड आणली. पक्कड मागितली तर चहा आणला. तो चहा गार होईपर्यंत दुसरा टाकला. घरात जाऊन खिडक्या लावून आले, मग उगाच हवा कोंडते म्हणून उघडून आले.

थोरलीचं काम मात्र शिस्तीत चाललं होतं. लिफ्टमध्ये अंदाजाने काही करायचं नसतं, एक एक गोष्ट तपासून बाजूला ठेवायची असते. डाव्या दिव्याच्या होल्डरमध्ये हिरवट चुरा साचला होता. तिने तो खरवडला, पॉलिश पेपरने घासला. बल्बच्या काचेला तडा होता.

"बोट पाण्यात सोडायला ट्रेलर मागे घेता तेव्हा दिव्यांचा प्लग काढता ना आधी?" तिने विचारलं.

"म्हणजे काय! तापलेला बल्ब गार पाण्यात गेला की तडकतो. अख्ख्या काठाला मी शिकवलंय."

"मग हा?"

"कंपनीच वाईट."

खरं म्हणजे प्लग काढायची आठवण बायको करायची. ती गेल्यापासून कप्तान दर दुसऱ्या वेळेला विसरत होते, आणि विसरल्याचं लक्षात आलं की तलावाकडे तोंड करून थोडा वेळ गप्प उभे राहत. हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

नवा बल्ब बसला. ब्रेक दाबला. डावा विझला.

"हं," थोरली म्हणाली आणि ट्रेलरखाली शिरली. तिथून पहिल्यांदा हात बाहेर आला, मग आवाज. "हे सांधे कुणी केलेत?"

वायरचे तुकडे पिळून पिळून जोडलेले होते आणि वर काळी पट्टी गुंडाळलेली.

"असेल कुणी आधीच्या मालकाने..."

"बाबा, ही गाठ तुमची आहे. बुटाच्या नाडीलाही तुम्ही अशीच मारता."

कप्तानांनी खाली बघून आपल्या पायांकडे पाहिलं. चपला होत्या, म्हणून वाचले.

एवढ्यात कुंपणापाशी जाळेवाला येऊन उभा राहिला. हा माणूस नेमका नको तेव्हा उगवतो.

"काय, दिवे का? अर्थिंग बघितलं का, अर्थिंग?"

गेला महिनाभर ज्याच्याशी अबोला धरला, त्याच्यावर कप्तान एकदम खेकसले, "तुला विचारलंय कुणी? आपली जाळी शिव जा!"

"बोललात ना शेवटी," जाळेवाला खूश होऊन म्हणाला आणि गेला.

पण थोरलीने ते ऐकलं होतं. तिने मीटर काढलं, एक टोक जीपमध्ये खोचलेल्या प्लगच्या अर्थिंगच्या पिनला लावलं आणि दुसरं ट्रेलरच्या सांगाड्याला, चाकाजवळ जिथे रंग उडाला होता तिथे. कप्तानांना वाटलं, संपलं सगळं. आता मीटर गप्प राहणार, तिची मान त्या बोल्टकडे वळणार आणि तासाभरात आपण डोंगराच्या पलीकडे.

मीटर टीं करून वाजलं.

"अर्थिंग ठीक आहे," थोरली म्हणाली, आणि पुढच्या वायरकडे वळली.

कप्तान क्षणभर चक्रावले, मग त्यांच्या ध्यानात आलं. तिने ट्रेलर जीपपासून सोडवलाच नव्हता. ट्रेलरची मान, म्हणजे पुढची दांडी, जीपच्या हुकावरच्या लोखंडी गोळ्यावर बसलेली असते, आणि ती लोखंडाला लोखंड लागून वीज थोडीबहुत जाऊ शकते. मीटरला तेवढं पुरतं. दिव्यांना पुरत नाही. अर्थिंग तपासायचं तर आधी ट्रेलर गोळ्यावरून उचलून मोकळा करायचा. लिफ्ट काही कशाच्या मागे जोडून नेत नाहीत, त्यामुळे हे पोरीच्या डोक्यात आलं नाही. आपल्या लेकीची चूक झाली म्हणून आनंद व्हावा, अशी वेळ बापावर पहिल्यांदाच आली होती. आनंद झालाही, पण घशाखाली नीट उतरला नाही.

दुपार कलली. तिने सगळे सांधे तोडून नवे केले, प्लगच्या पिना चकाकवल्या, दुसरा होल्डरही घासला. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. कप्तानांनी तिच्यासाठी पाणी आणलं, तेव्हा ती ट्रेलरच्या मानेवर बूड टेकून बसली होती. पाणी प्यायली, "चला, पुन्हा बघू," म्हणाली आणि उठून गाडीत जाऊन बसली.

"मागचे?"

"लागले."

"ब्रेक!"

दोन्ही दिवे लखकन उजळले. लाल, भरगच्च, डावा उजव्याइतकाच. तिच्या बसण्याने ती मान गोळ्यावर दबून कुठेतरी लोखंडाला लोखंड चांगलं भिडलं होतं.

"बाबा? डावा लागला का?"

कप्तानांनी दिव्याकडे बघितलं. जीपच्या टपावरून दिसणाऱ्या तलावाच्या पट्टीकडे बघितलं.

"नाही," ते म्हणाले.

"अजिबात नाही?"

"अं हं. विझलेलाच."

ती पाय काढून मागे येऊन बघणार तर ब्रेकचा दिवा आपसूक जाणार, म्हणजे खोटं पकडलं जायची भीती नव्हती. कप्तान आयुष्यात फार खोटं बोललेले नव्हते, पण बोललं तर नीट विचार करून बोलावं असं त्यांचं मत होतं. तिने आणखी दोनदा विचारलं, त्यांनी दोन्ही वेळा नाही सांगितलं. मग पुढे बराच वेळ काहीच आवाज आला नाही. पोर थकली, त्यांना वाटलं. आता उतरेल, हात झटकेल आणि म्हणेल, जाऊ दे.

थोरली उतरली. बोटीतलं वल्हं काढून घेऊन गेली, त्याचं एक टोक ब्रेकवर आणि दुसरं सीटला अडकवलं, आणि हात पुसत मागे आली.

दोन्ही दिवे लालभडक पेटलेले होते. ती दिव्यांकडे बघत राहिली, मग बापाकडे.

"आत्ता लागला वाटतं," कप्तान म्हणाले.

ती ओरडेल म्हणून त्यांनी अंग चोरून घेतलं होतं. पण ती जवळ आली आणि तिचा आवाज अगदी खाली गेला. "बाबा, हा लाल दिवा तुम्हाला दिसत नाही?"

"अं?"

"मघाशीसुद्धा लागतच होता ना हा? तुम्हाला दिसला नाही. केव्हापासून होतंय असं?"

आता काय बोलणार? दिसत होता पण खोटं बोललो, हे म्हणायला जीभ रेटेना. कप्तान गप्प राहिले, आणि ते गप्प राहिले हेच तिला उत्तर वाटलं. तिचे डोळे भरून आले. "तिकडे गेल्या गेल्या आधी डोळे दाखवायचे," ती म्हणाली. "आणि अशा डोळ्यांनी तुम्ही एकटे पाण्यात जात होतात!"

त्यानंतर तिने त्यांना पायरीवरून उतरताना दंडाला धरलं. स्वतःच्या घराची पायरी, ज्या पायरीवरून ते अंधारात, पावसात, बादल्या घेऊन हजारदा उतरले होते. कप्तानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी आपल्या हाताने आपला खड्डा आणखी हातभर खोल करून घेतला होता.

वल्हं जागेवर गेलं, हत्यारं पेटीत गेली. दाराला कुलूप लागलं. थोरली गाडीत बसली. "चला बाबा, उजेड आहे तोवर नाका गाठू."

कप्तान जीपच्या दाराला हात लावून उभे राहिले. त्यांच्या डोक्यात भराभर हिशेब चालला होता. रस्त्यात पहिला स्पीडब्रेकर आला की ट्रेलर उडणार, मान गोळ्यावर हलणार आणि दिवे जाणार. नाक्यावर पकडणार, परत पाठवणार. दिवेलागणीला आपण आपल्या ओट्यावर. अजूनही काही बिघडलेलं नाही. फक्त तोंड बंद ठेवायचं.

पण हा दोष असा सांगून येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? स्पीडब्रेकरला जाईल, पुढच्या खड्ड्यात परत येईल. नाक्यावर झकास लागेल आणि वर धुक्यात, वळणावर, मागून ट्रक येत असताना जाईल. ट्रकवाल्याला पुढे बोट आहे हे बोट आदळल्यावर कळेल. आणि पुढे कोण बसलंय? त्यांनी आत बघितलं. थोरली आरसा नीट करत होती, आणि कपाळावर ग्रीसचा डाग घेऊन बसली होती. सबंध दिवसात तिने तोंड धुतलं नव्हतं.

"उतर खाली," कप्तान म्हणाले.

"आता काय?"

"उतर म्हणतो ना! बंद कर गाडी. दिवे चालू ठेव."

कप्तानांनी मानेचा खटका सोडला आणि मानेखालच्या छोट्या टेकूच्या चाकाचं हँडल फिरवायला सुरुवात केली. मान गोळ्यावरून वर उचलली गेली, लोखंड लोखंडापासून सुटलं, आणि मागचे सगळे दिवे ठप्प झाले.

थोरली बघतच राहिली. मग तिची नजर मानेवरून सरकत सरकत त्या पांढऱ्या वायरपर्यंत आली, आणि कप्तानांना तिच्या चेहऱ्यावर सगळं कळल्याचं दिसलं. तिने पान्हा दिला. या खेपेला तोच, जो हवा होता.

कप्तानांनी बोल्ट काढला. चाकूच्या टोकाने आपणच दिलेला तो निळा रंग खरवडायला लागले. चांगला बसला होता मेला, निघता निघेना. खाली लोखंड चमकायला लागेपर्यंत त्यांनी घासलं, दातेरी वॉशर टाकला, वायरचा डोळा घट्ट आवळला आणि गंजू नये म्हणून वर व्हॅसलीन चोपडलं. ट्रेलर अजून जीपपासून सुटलेलाच होता, नुसता प्लग जोडलेला, आणि दिवे लागले. सबंध दिवसात लागले नव्हते इतके ठणठणीत. लागले ते बघून त्यांना बरंच वाटलं, त्याला काय करणार. हातून नीट झालेल्या कामाचं कुणालाही बरं वाटतं.

"केव्हापासून माहीत होतं?" थोरलीने विचारलं.

"तू पहिल्यांदा ब्रेक दाबलास तेव्हापासून."

"आणि डोळे?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय!"

तिने एकदा आभाळाकडे बघितलं आणि मान पुन्हा गोळ्यावर बसवून खटका लावला. "बसा," एवढंच म्हणाली. रागावली की ती आईसारखी कमी बोलायची.

जीप निघाली. दोघांच्या मध्ये अबोला बसला होता, आणि मागच्या सीटवर ती बॅग. का केलंत, असं ती विचारेना. का केलं, ते कप्तान सांगेनात. त्यांना सीटवर धड बसवत नव्हतं. काच खाली केली, वर केली. शाळा गेली, पिठाची गिरणी गेली, बंद पडलेला धक्का गेला. स्पीडब्रेकर आला, तशी जीप उडाली आणि मागे ट्रेलर धाडकन आपटला.

"थांब. मागचे बघून येतो."

ते उतरून मागे गेले. तिने न सांगता एक एक लावून दाखवलं. डावा, उजवा, ब्रेक. सगळं व्यवस्थित. "लागले!" कप्तान ओरडले. बाकी काहीच उरलं नव्हतं, फक्त परत जाऊन बसायचं होतं, आणि ते त्यांच्याच्याने होईना. ते ट्रेलरमागे उभेच राहिले.

थोडा वेळ वाट बघून थोरली उतरून आली. "काय झालं? घेरी आली का?"

"मला नाही यायचं," कप्तान म्हणाले.

दिवसभरात हे एवढंच बोलायचं राहिलं होतं. बल्ब, कंपनी, गाठी, सगळ्यावर बोलून झालं होतं. बोलल्यावर त्यांनाच नवल वाटलं, किती छोटं वाक्य होतं ते!

"मग सकाळी का नाही सांगितलंत? महिनाभर का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे? शेड बांधलीस, जीप आणलीस, बॅग भरलीस. येता का, असं नाही विचारलंस एकदाही."

थोरली एकदम भडकून म्हणाली, "विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असतात! जाळेवाल्या काकांचा फोन आला तेव्हा मी लिफ्टच्या टपावर उभी होते बाबा. म्हणाले, कप्तान बोटीत पडलेत. श्वास आहे की नाही तेसुद्धा आधी नाही सांगितलं त्या माणसाने. मला खाली उतरता येईना. बटण दाबायचं एवढंच, पण ते कुठलं तेच आठवेना. तेव्हापासून रोज फोन वाजला की तसंच होतं. मी भीतीने मरतेय आणि तुम्ही मला दिवे लागत नाहीत म्हणून सांगता!"

तिला रडू फुटलं. एक सायकलवाला वळून वळून बघत गेला. कप्तानांना काय करावं कळेना. त्यांनी तिच्या कपाळावरचा ग्रीसचा डाग अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला, तो आणखीच पसरला.

"तुला भीती कशाची वाटते? मी घरात राहण्याची, की पाण्यात जाण्याची?"

"पाण्यात जाण्याची. घरात काय, शेजारी ते जाळेवाले काका आहेत, रोज बघतील."

"मग बोट ने," कप्तान म्हणाले. "मी राहतो. बोटच नसली तर कशात जाणार आहे?"

हे आपण काय बोललो, ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं. बोट आणि आपण, हे दोन वेगळे करता येतील असं त्यांच्या आजवर कधी मनातच आलं नव्हतं. थोरलीच्याही आलं नसावं. ती डोळे पुसायचं विसरून त्यांच्याकडे बघत राहिली.

"नक्की?"

"हो."

"उसनी घेऊन जाल कुणाची तरी."

"नाही जाणार. सांगतो ना."

"जाळेवाल्या काकांशी बोलायचं रोज."

"बोलेन. आजच बोललो."

"आणि फोन उचलायचा. पहिल्या रिंगला."

"उचलीन गं."

तिने बॅग काढून त्यांच्या पायाशी ठेवली. म्हणाली, मी मागे वळवून घरापर्यंत सोडते, तर ते म्हणाले, ट्रेलर घेऊन इथे वळायला कुठे होतंय, मला काय चालता येत नाही? तिने त्यांना घट्ट मिठी मारली आणि पुढे जाऊन बसली. गाडी सुरू केली. ब्रेकवर पाय ठेवून ती थांबली.

कप्तानांना जे हवं होतं ते मिळालं होतं. घर मिळालं होतं, काठ मिळाला होता, रात्री झोपताना ऐकू येणारं पाणी मिळालं होतं. आणि समोर बोट निघाली होती. त्यांनी पट्टा ओढून बघितला, तो घट्टच होता. इंजिन वर टांगलेलं बघितलं. मग बोटीच्या मागच्या फळीवर, जिथे रंग हाताने झिजून गेला होता तिथे, तळवा ठेवला. काहीतरी बोलावं असं त्यांना वाटलं, पण बोटीशी काय बोलणार. त्यांनी फळीवर दोनदा थाप मारली, नुसती, जनावराच्या पाठीवर मारावी तशी.

थोरलीला वाटलं, निघायची खूण. तिने ब्रेक सोडला. फळी त्यांच्या तळव्याखालून सरकली, आणि कप्तान हात तसाच पुढे धरून रस्त्यात उभे राहिले. थांब म्हणायला तोंड उघडलं होतं त्यांनी. म्हणाले नाहीत.